रजेची तार

तारवाल्यानं सायकल भिंतीला टेकवली तेव्हा आत हॉलमध्ये गवई बुवा तंबोरा लावून घेत होते आणि बाहेर भामाबाई पाहुण्यांसाठी माठ भरत होती. तिनं खाकी टोपी पाहिली, कळशी हातातून सोडली आणि हंबरडा फोडला.

"आरं माझ्या बिरा रंऽ! गेला गं माझा बिरा!"

तार कुणाची, कुठून आली, हे तिनं विचारलं नाही. आमच्याकडे कुणी विचारत नाही. गरिबाच्या दारात तार एकाच कारणासाठी येते, म्हणून आधी रडायचं आणि मग तार फोडायची, अशी रीतच पडून गेलेली. शेजारच्या गिरणीच्या चाळीतल्या दोन बायका पदर डोळ्यांना लावतच धावत आल्या.

मी ऑफिसातून पळत बाहेर आलो. तारेवर नाव धुळाचं होतं आणि पत्ता 'नादमंदिर, माधवनगर'. पत्ता बरोबर होता, कारण धुळाला दुसरा पत्ताच नव्हता. नादमंदिर हे आमच्या हॉलचं कागदावरचं नाव. त्या हॉलच्या मागं पत्र्याच्या खोपटात धुळा आणि भामाबाई राहत. त्यांच्या मुलाची पलटणीतली पत्रं हॉलवर येत, ती मी वाचून दाखवी आणि उत्तरंही मीच लिही. मी नानासो, हॉलचा कारकून. मी सही केली आणि तार फोडली.

इंग्रजी चार ओळी होत्या. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसालाही समजाव्यात इतक्या सोप्या. धुळाचा एकुलता एक मुलगा बिराप्पा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मारला गेला होता. सरकारला त्याचा खेद होत होता.

"काय हाय?" मागून हात आला आणि तार माझ्या बोटांतून गेली.

हे हंबीरराव, हॉलचे सेक्रेटरी. कृष्णाकाठी त्यांचा ऊस होता, गिरणीत त्यांचा शब्द चालायचा, आणि माधवनगरात काहीही व्हायचं ते हंबीरराव म्हणतील तसं आणि हॉलमध्येच व्हायचं. लग्नं तिथं, शाळेचं बक्षीस-वाटप तिथं, लढाई सुरू झाल्यापासून रेशनचं धान्यही तिथंच. दोन वर्षांपूर्वी सैन्यभरतीचा मेळावा झाला तोही तिथंच. हंबीररावांनी त्या दिवशी तासभर भाषण केलं होतं. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे त्या वेळी पुण्याला कॉलेजात होते. खेचरांच्या कंपनीला जनावर कळणारी पोरं हवी होती, आणि चुलत्याच्या मेंढरांमागं वाढलेला एकोणीस वर्षांचा बिराप्पा लाजत लाजत पुढं आला होता. नाव मीच लिहून घेतलं होतं. त्यानं अंगठा उठवला आणि शाई पुसायला जागा सापडेना, म्हणून माझ्याकडे बघून हसला होता.

हंबीररावांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. वाचताना त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी तारेची नीट घडी घातली आणि ती माझ्या हातात परत ठेवली.

"रजा मंजूर झालीया त्याची," ते म्हणाले.

मी तारेची घडी पुन्हा उलगडायला लागलो.

"वाचलंसा न्हवं तुमी? रजाच हाय न्हवं?" त्यांचा आवाज खाली आला. "नानासो, आत चारशे माणूस बसलंय. पहिल्या रांगेत संस्थानचे कारभारी हायती. बाई आशी बोंब मारत ऱ्हायली तर बुवा उठतील, आन् उठले की परत बसायचे न्हाईत."

ते खरंच होतं. बुवांचा नेम साऱ्या मुलखाला ठाऊक होता. ज्या आवारात मयत झालं किंवा मयताची खबर आली तिथं ते गात नसत. कोल्हापुरात शेजारच्या वाड्यात म्हातारी गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी अर्धा ख्याल तसाच सोडून तंबोऱ्याला गवसणी घातली होती. अशा बुवांना माधवनगरात आणायला हंबीररावांना दोन वर्षं लागली होती. आणि त्या दिवशीचं गाणं होतं तेही कशासाठी, तर सैनिकांच्या मदतनिधीसाठी.

आतला तंबोरा थांबला होता.

तेवढ्यात मागच्या पडवीतून धुळा आला. त्याच्या हातात अजून करडईच्या तेलाची वाटी होती. पन्नाशीचा, काळा, काटक माणूस. तो बायकोकडे गेला नाही, सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"नानासो, काय आसंल ते सांगून टाका," तो म्हणाला.

त्यानं तेलाची वाटी खाली ठेवली. हंबीरराव माझ्या खांद्यामागं उभे होते.

पुष्कळांनी पुढं मला विचारलं, की नोकरी जाईल म्हणून तू भ्यालास का? मीही लोकांना तसंच सांगत आलो. पण आता लपवून काय करायचंय! मला गाणं ऐकायचं होतं. बुवांचं गाणं मी जन्मात एकदाच, तेही भिंतीबाहेरून ऐकलं होतं, आणि आज ऑफिसच्या दारातली खुर्ची माझी होती. चार वाजले होते आणि मला ते गाणं हवं होतं.

"रजा मिळाली त्याला," मी म्हणालो. "येतोय बिराप्पा."

"कवा?"

"आठ-पंधरा दिवसांत."

एकदा तोंड उघडलं की खोट्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठ-पंधरा दिवसांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

भामाबाई रडता रडता थांबली. आधी तिला पटेना. मग तिनं स्वतःच्या दोन्ही गालांत फाडफाड मारून घेतल्या.

"माझ्या तोंडात माती पडो! जित्या लेकराच्या नावानं रडली की गं मी!"

"रडू दे," धुळा म्हणाला. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जित्याला मेला म्हनलं की आयुष्य वाढतंय त्याचं. व्हय का न्हाई, नानासो?"

"व्हय," मी म्हणालो.

"त्यो कागद आमाला द्या. देवाफुडं ठिवतो."

मी हंबीररावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "द्या की. त्याचाच हाय त्यो." धुळाला अक्षर येत नव्हतं, भामाबाईला येत नव्हतं, चाळीतल्या त्या बायकांनाही येत नव्हतं. मी तार दिली. धुळानं तेलाचे हात धोतराला पुसले, ती कपाळाला लावली आणि बायकोच्या ओटीत टाकली.

"धुळ्या, पंख्यावर बस आता," हंबीरराव म्हणाले. "बुवा घामानं भिजायला लागलेत."

आता पंख्याचं सांगायला हवं, कारण त्या दिवशी धुळाला रडू द्यायचं नव्हतं ते बुवांच्या नेमाइतकंच ह्या पंख्यामुळंही. गिरणीत वीज होती, पण लढाईमुळं विजेचे पंखे मिळत नव्हते. हॉलच्या आढ्याला लांबच लांब लाकडी चौकट टांगलेली, तिला जाड कापडाची झालर. चौकटीची दोरी मागच्या भिंतीतल्या मुठीएवढ्या भोकातून, कप्पीवरून पडवीत आणलेली. तिथं भिंतीला पाठ लावून धुळा बसायचा आणि दोरी ओढायचा. ओढायला काय, कुणीही ओढेल. पण दुसरं कुणी बसलं की कप्पी करकरायची, झालर फडफडायची आणि गवयी वर बघायचा. धुळा आदल्या दिवशी दोरी भिजवून ठेवी, कप्पीला तेल घाली, आणि गाणं सुरू झालं की त्या भोकातून येईल तेवढंच ऐकत ओढी. विलंबित असलं की त्याचा हात सावकाश चाले. समेवर ओढ पुरी होई. गाणं चढलं की पंखाही चढे, आणि वारा कुठून येतोय हे माणसांच्या लक्षातही येत नसे.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो मूळचा कवठे महांकाळकडचा. तिकडं बिरोबापुढं ढोलावर रात्रभर ओव्या चालतात, तो ठेका त्याच्या हातात होता. मागं एका गवयानं भर मैफलीत म्हटलं होतं, की तबलजीपेक्षा तुमचा पंखेवाला लयीला पक्का आहे. सगळे हसले होते. धुळानं ते भोकातून ऐकलं होतं, आणि त्याच जोरावर तो पुढची वर्षं काढत होता. सतरा वर्षांत एकाही गवयाचं गाताना तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं, कारण त्याची पाठ हॉलकडे असायची.

त्या दिवशी धुळानं पंखा ओढला तसा मी आधी कधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. वैशाखातलं चारचं ऊन, खच्चून भरलेला हॉल, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सारखा वारा. बुवा रंगत गेले. त्यांनी एकदा डोळे उघडून वर पाहिलं, झालर समेवर परतली तशी "वा!" म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. मी दारातल्या खुर्चीत बसलो होतो. गाणं मला मिळालं. फार मोठं गाणं होतं ते. मी त्यात बुडून गेलो, आणि मध्ये किती तरी वेळ मला तारेची आठवणसुद्धा झाली नाही.

मध्यंतरात भामाबाई परातीत गुळाचे खडे घेऊन आली. साखर रेशनवर होती, म्हणून गूळ. ती कधी हॉलच्या आत आली नव्हती, झाडायला येई तेवढीच. पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती पहिल्या रांगेपुढं गेली. कारभाऱ्यांनी विचारलं, काय बाई? तर हंबीररावच म्हणाले, "पोरगा आघाडीवर हाय तिचा. रजा मिळालीया." कारभाऱ्यांनी खडा घेतला. हंबीररावांनी घेतला आणि तोंडात टाकला. मग ती माझ्यापाशी आली. तिनं निवडून मोठा खडा काढला.

"घ्या नानासो. तुमच्या तोंडनं चांगली खबर आली."

मी तो खाल्ला.

बुवांच्या कानावर गेलं. गाणारा माणूस, मन हळवं. मध्यंतरानंतर ते म्हणाले, "आमचा वारा ज्यानं सांभाळला त्याचा मुलगा रणातून सुखरूप घरी येतोय. आजची भैरवी त्या मुलाला." चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या पडवीत गेलो. का गेलो कोण जाणे. धुळा दोरी ओढत होता, मान भिंतीला टेकलेली, कान भोकाशी. मला पाहून त्यानं एक हात सोडला आणि खूण केली, बोलू नका.

गाणं संपल्यावर हंबीरराव बुवांच्या मोटारीत बसताना मला म्हणाले, "सवडीनं सांगा त्यास्नी. तुमचं त्यांचं बरं हाय."

"मी?"

"वाचली कुनी?" ते म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

सांगायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. भामाबाई वाकळ शिवत बसली होती, स्वतःच्या लुगड्यांच्या आणि बिराप्पाच्या धोतरांच्या जुन्या चिंध्यांतून. "नव्या वाकळंत निजंल की लेकरू," म्हणाली. मी म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी धुळा स्टेशनावर गेला होता. आठ-पंधरा दिवस म्हटलं तरी पलटणीचा काय भरवसा, आधीच यायचा, म्हणून तो रोज गाडीला जायला लागला. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक खाकी कपड्याला तो थांबवून विचारी, "आमचा बिराप्पा मागं हाय का?" परत आला की मला म्हणे, "आज न्हाई. उद्या आसंल."

तिसऱ्या दिवशी हंबीररावांनी विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, न्हाई.

"मग आता नका सांगू. सरकारचं पत्तर येईलच. त्येच सांगंल."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तांबडं फुटेल तेव्हा आपण तिथं नसू, एवढीच माझी धडपड होती. मी मागच्या बाजूला जाणं सोडलं. पाणी हवं असलं तर हाक न मारता स्वतः जाऊन प्यायला लागलो.

सरकारी पत्राच्या आधी बकरं आलं.

भामाबाईनं नवस बोलला होता. मुलगा येईल तेव्हा नव्हे, त्याच्या सुटीची खबर येईल तेव्हा बिरोबाला बकरं. आईला धीर कुठला, खबरीवरच तिनं देवाला बांधून घेतलं होतं. आणि खबर तर मी दिली होती! धुळाच्या भावानं कळपातलं निवडून बकरं काढलं, दोन दिवस चालवत आणलं. बरोबर पाच-सहा पाहुणे आले. रविवार, बिरोबाचा वार. सकाळी धुळा माझ्या घरी आला. कपाळभर भंडारा, डोक्याला नवं मुंडासं.

"आवं नानासो, दुपारी जेवाय यायचं. तुमच्याबिगर घास मोडायचा न्हाई आमी."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो न्हाई. खबर तुमी वाचली. पयलं ताट तुमचं."

मी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो, हे मी देवाशपथ सांगतो. पण देवाची शपथ घेऊन माणूस काय काय बोलतो ते मला माहीत आहे, तेव्हा कुणी विश्वास नाही ठेवला तरी चालेल.

खोपटापुढं गोणपाटं अंथरली होती. आत देव्हाऱ्याच्या फळीवर बिरोबाचा टाक, आणि टाकापुढं ती तार. उभी ठेवलेली, भंडाऱ्यानं पिवळी झालेली, तिच्यापुढं नारळ आणि दिवा. मी ती पाहिली आणि बाहेर येऊन बसलो. भामाबाईनं हातात नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तिनं पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. बाजरीची भाकरी, लालभडक रस्सा, आणि निवडून काढलेले मटणाचे तुकडे.

मी पहिला घास घेतला तेव्हाच जोतीराम आला.

जोतीराम धुळाच्या बहिणीचा मुलगा. तोही पलटणीत होता, पाय अधू होऊन दोन महिन्यांपूर्वी घरी परतलेला. काठी टेकत आला, मामाच्या पाया पडला आणि देवाच्या पाया पडायला आत गेला. आतून त्याला यायला वेळ लागला. आला तेव्हा त्याच्या हातात तार होती.

"मामा, ह्यो कागद कुनी वाचला?"

"नानासोंनी," धुळा अभिमानानं म्हणाला. "इंग्रजी येतंय त्यास्नी."

जोतीरामनं माझ्याकडे पाहिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं फारसं. पण हा कागद कसा असतो ते त्याला ठाऊक होतं. हॉस्पिटलात त्यानं असे कागद लिहिताना पाहिले होते, त्यातले दोन-तीन शब्द त्याच्या ओळखीचे होते.

"मामा," तो म्हणाला, "ही रजेची तार न्हवं."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो ताटात ठेवावा की तोंडात घालावा हे मला सुचेना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि जोतीराम जे बोलला नव्हता ते माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. धुळाला आयुष्यात पहिल्यांदा काही वाचता आलं असेल तर ते.

"तुमाला तवाच ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

मी हंबरड्याची वाट बघत होतो. भामाबाई पातेलं घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. पदराला हात पुसले, आणि जिथं होती तिथंच बसली. रडली नाही. तिचं रडणं त्या शुक्रवारी निघालं होतं, ते आम्ही घशात कोंबलं होतं, आता तिला ते सापडत नव्हतं. ती तोंड उघडी आणि मिटी. मग तिनं एकेक करून बांगड्या मनगटावर मागंपुढं सरकवून बघितल्या, काढाव्यात की नाही हे कुणाला तरी विचारावं तशी आजूबाजूला बघू लागली.

धुळा बोटांच्या पेरांवर मोजत होता.

"शुक्करवारी आली. शुक्करवार येक. शनवार दोन." तो मोठ्यानं मोजत गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. "आन् आज रईवार. दहावा."

पाहुण्यांतली एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया! दिवसात बकरं कापलं की रं!"

ज्या दहा दिवसांत घरात फोडणी देत नाहीत, त्या दहा दिवसांत ह्या घरानं गूळ वाटला, बांगड्या भरल्या, कपाळाला भंडारा लावला. ज्या दिवशी मुलाच्या नावानं पिंड ठेवायचा, त्या दिवशी बकरं कापून पाहुण्यांना जेवण घातलं. लेक सरकारनं मारला होता. त्याचे दिवस मात्र आम्ही मारले, हंबीररावांनी आणि मी. ते परत कुठून आणणार?

मी उठायला लागलो.

"बसा," धुळा म्हणाला.

"धुळाबा, मला..."

"ताट टाकून उठू ने. आन्न हाय." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी पाया पडलो असतो. "जेवा. ह्येच आता त्येच्या दहाव्याचं जेवान. दुसरं कवा घालनार आमी?"

बाकी कुणी ताटाला हात लावला नाही. मी एकटा जेवलो. भाकरी संपली तशी धुळानं दुसरी टाकली, रस्सा वाढला, आणि मी ताट पुसून स्वच्छ करेपर्यंत समोरून हलला नाही. मग त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या हातावर पाणी घातलं.

महिन्याभरानं हंबीररावांनी हॉलमध्ये शोकसभा ठेवली. आघाडीवर पडलेला माधवनगरचा पहिला वीर, त्याची सभा व्हायलाच हवी होती. कारभारी येणार होते. मृगाचा पाऊस लांबला होता, उकाडा सोसवत नव्हता. हंबीररावांनी मला बोलावून विचारलं, "पंख्यावर कोन बसनार?"

मी म्हटलं, गिरणीतला कुणी तरी बघतो.

"त्यो करकर वाजवंल. भाषणं हायती," ते म्हणाले. "बघा इचारून. बळजबरी नका करू."

मी मागं गेलो. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. धुळा पडवीतच होता. दोरी बादलीत भिजत पडली होती आणि तो कप्पीला तेल घालत होता.

"आज तुम्ही नका बसू, धुळाबा," मी म्हणालो. "तुम्ही आत, पुढं बसा. खुर्ची ठेवतो."

"आन् वारा?"

मी बादलीतल्या दोरीकडे पाहिलं.

"ऊन लय हाय," तो म्हणाला. "मानसं तळमळत्याली. त्येच्यासाठी आली हायती न्हवं?" आणि तो भिंतीला पाठ लावून बसला. पलीकडे भामाबाई माठ भरत होती. तिच्या हातात त्या हिरव्या बांगड्या नव्हत्या.

सभा झाली. हंबीरराव पाऊण तास बोलले. वीरमाता म्हणाले, वीरपिता म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना खरोखरच भरून आलं. लबाडी नव्हती ती. ते रडले, मी पाहिलं. ठराव मी वाचला. बिराप्पाचं नाव लिहून घेणारा मी, तार वाचणारा मी, ठराव वाचणाराही मीच. इंग्रजी येत असल्याचा हा सगळा फायदा.

मग हंबीरराव म्हणाले, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. खुर्च्यांचा आवाज थांबला. कारभाऱ्यांनी टोपी काढली. चारशे माणसं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. पंखा थांबवायला धुळाला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. झालर आमच्या मानांवरून जात होती आणि परत येत होती, सावकाश, विलंबिताला जायची तशी. कप्पी करकरते का, म्हणून मी दोन्ही मिनिटं कान देऊन उभा होतो. एकदा तरी करकरावी असं मला वाटत होतं. ती करकरली नाही.

हंबीररावांनी घंटी वाजवली आणि माणसं खाली बसली. पंखा चालूच होता.